वार कुठला धरायचा?

अण्णा सोमवारी खात नाहीत, गुरुवारी खात नाहीत आणि शनिवारीही खात नाहीत. महादेव, दत्त आणि मारुती. शिवाय एकादशी, संकष्टी आणि अख्खा श्रावण. उरलेल्या दिवसांत मात्र कोंबड्यांनी त्यांच्यापासून सांभाळून राहावं. मे महिन्यात ते तीन आठवड्यांसाठी अमेरिकेत मेम्फिसला माझ्याकडे आले, एकटेच. "चोवीस तास गुडघे दुमडून बसायला मला काय शिक्षा झालीय?" असं म्हणून आईने येणं साफ नाकारलं होतं. ते येण्याआधी मी काय केलं असेल, तर फ्रिजवरच्या कालनिर्णयात त्यांचे खायचे वार मोजले. बारा निघाले. त्यातले दोन एकादशी-संकष्टीने खाल्ले. राहिलेल्या दहांपैकी एक रविवार मी फ्रंट स्ट्रीटवरच्या 'गस' या तळलेल्या कोंबडीच्या हॉटेलासाठी राखून ठेवला.

खरी गोष्ट अशी, की सहा वर्षं मेम्फिसमध्ये राहून मीही तिथे गेले नव्हते. इथे फेडएक्सचं मुख्यालय असल्यामुळे आपली मराठी माणसं बऱ्यापैकी आहेत. नवीन आलेल्याला पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी गसला घेऊन जातंच. मी टाळत आले. त्याला कारण होतं माझाच एक आगाऊपणा.

नोकरीचा पहिला महिना. जेवणाच्या सुट्टीत समोर बसलेल्या सहकारी बाईंना मी विचारलं, "इथे चांगलं फ्राइड चिकन कुठे मिळतं?" त्या कृष्णवर्णीय. माझ्या लेखी प्रश्न साधा होता, कोल्हापूरला उतरून रिक्षावाल्याला पांढऱ्या रश्श्याचं ठिकाण विचारावं तितका साधा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "एवढ्या माणसांत मलाच का विचारलंस?"

टेबलावर आणखी पाचजण होते. पाचही गोरे किंवा आपल्यातले. मी बाईंनाच का विचारलं याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते चांगलं नव्हतं. घरी येऊन वाचत बसले. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात इथे पोस्टकार्डांवर, जाहिरातींत, नाटकांत काळा माणूस म्हणजे कोंबडीचोर, कोंबडीच्या तंगडीवर तुटून पडणारा, अशी चित्रं वर्षानुवर्षं रंगवली गेली. ज्या बायकांनी गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून हा पदार्थ घडवला, त्यांच्याच नातवंडांना तो चिडवायला वापरला गेला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली, आणि पुढे आमचं चांगलं जमलंही. पण तो पदार्थ मात्र माझ्या घशात अडकून बसला. सहा वर्षं.

शेवटी अण्णा येणार म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, "वडलांना गसला ने. सकाळी म्युझियम, मग गस. उलट करू नकोस, खाल्ल्यावर त्यांना तिथे उभं राहवणार नाही."

तसंच केलं. लोरेन मोटेल. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी तीनशे सहा नंबरच्या खोलीबाहेरच्या सज्ज्यात मार्टिन लूथर किंग यांना गोळी लागली, ती जागा. १९९१ पासून तिथे नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. बाहेरून अजून साठीच्या दशकातलं स्वस्त मोटेलच वाटतं, खाली दोन जुन्या लांबलचक गाड्या उभ्या, वर कठड्याला फुलांचं कडं. अण्णांना किंग माहीत होते, पण ते मेम्फिसला कशाला आले होते हे माहीत नव्हतं. ते आले होते सफाई कामगारांच्या संपासाठी.

आत कचऱ्याची एक गाडी ठेवली आहे. अण्णा तिच्यापाशी थांबले ते हलेनात. १ फेब्रुवारी १९६८ ला जोराचा पाऊस होता. दोन कामगार आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या पोकळीत शिरले, कचरा दाबायचं यंत्र चालू झालं आणि दोघंही त्यात गेले. त्यानंतर तेराशे कामगारांनी काम बंद ठेवलं आणि 'मी माणूस आहे' एवढंच लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावर उतरले. मी अण्णांना ते मराठीत सांगत होते. ते फलकांकडे बघतच नव्हते. गाडीच्या मागच्या त्या पोलादी तोंडाकडे बघत होते.

अण्णा कर्जतला पॉइंट्समन होते. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि मग ती भोर घाट चढते. सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे, मागून ढकलल्याशिवाय जमत नाही. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये शिरून कपलिंग जोडणं हे अण्णांचं काम. दोन बफरांच्या मधली जागा. कर्जतचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

"पावसात माणूस कुठंही शिरतो," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तिथून गस पायी पंधरा मिनिटं, अण्णांच्या चालीने वीस. विटांची बुटकी इमारत, दाराबाहेर फूटपाथवर माणसं. अमेरिकेत रांग म्हणजे सहसा हातातल्या फोनकडे बघत मुकाट उभं राहणं. इथली रांग एकमेकांशी बोलत होती. चर्चमधून थेट आलेल्या टोप्या घातलेल्या आज्या, बेसबॉलच्या जर्सीतली पोरं, एक जोडपं तान्ह्या मुलासकट. अण्णांनी हवा हुंगली. पुन्हा हुंगली.

"शेंगतेल आहे."

मी म्हटलं, अण्णा, हा अमेरिका देश आहे.

"असू दे. शेंगतेल आहे."

आणि होतं. दारातल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, होय, आम्ही सगळं शेंगदाण्याच्याच तेलात तळतो. अण्णांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू त्यांच्या साताऱ्याकडच्या घाण्यावरूनच डबा आला होता. आमच्या घरात रेशनचं पामतेल येईपर्यंत शेंगतेलाशिवाय दुसरं तेल नव्हतं. दिवाळीला तळण काढलं की गल्लीच्या टोकाला कळायचं. मी त्यांना सांगितलं की शेजारच्या जॉर्जियात शेंगदाण्याची मोठी शेती आहे, तर ते लगेच म्हणाले, "तो कार्टर! शेंगदाणेवाला. आपल्याकडे येऊन गेला होता की अठ्ठ्याहत्तर साली." अण्णांना माझा फोन नंबर पाठ नाही, पण हे पाठ असतं.

आत लालपांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, कागदी बश्या, प्लास्टिकचे काटे, भिंतीवर निऑनच्या पाट्या. गजबजाट. वाढणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या अण्णांना विचारलं, "तुला काय आणू, बेबी?" दक्षिणेत ही रीतच आहे, सगळेच बेबी आणि सगळेच हनी. मी भाषांतर केलं. अण्णा लाजले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाजताना पाहिलं.

मग बाईंनी विचारलं, "डार्क की व्हाइट?"

अण्णांना एवढं इंग्रजी येतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तासाभरापूर्वी आम्ही संग्रहालयातल्या एका बसच्या सांगाड्यात बसून आलो होतो. पुढच्या जागा कुणाच्या आणि मागच्या कुणाच्या, हे तिथे दाखवलेलं आहे. मी घाईघाईने समजावलं, की डार्क म्हणजे तंगडी आणि मांडी, व्हाइट म्हणजे छातीचा तुकडा आणि पंख. मांसाचा रंग, बाकी काही नाही.

"मग तंगडीच," अण्णा म्हणाले. "छाती म्हणजे नुसतं चघळणं. आणि माझी कवळी."

ऑर्डर दिली की तळायला घेतात, त्यामुळे वीसेक मिनिटं हातात असतात. तोवर तळलेली भेंडी आणि हिरव्या टोमॅटोचे काप आले. सोबत गोड चहा, बर्फ घालून. एक घोट घेऊन अण्णांनी पेला बाजूला सारला. "चहाच्या नावाखाली पाक पाजतायत." भेंडी त्यांना आवडली. भेंडी आपलीच, असा त्यांचा समज होता. ती मूळची आफ्रिकेची, आणि इथे ती गुलामांना आणणाऱ्या जहाजांच्या वाटेने आली, हे सांगितलं तर त्यांनी एक काप बोटांत धरून उलटसुलट पाहिला आणि तोंडात टाकला.

गसचा इतिहास मी आदल्या रात्री वाचून ठेवला होता. मेम्फिसपासून चाळीसेक मैलांवर मेसन नावाचं छोटं गाव आहे. तिथे नेपोलियन व्हँडरबिल्ट आणि मॅगी या कृष्णवर्णीय नवराबायकोने १९५३ मध्ये तळलेली कोंबडी विकायला सुरुवात केली. १९७३ ला स्वतःचं टुमदार दुकान झालं. ऐंशीच्या दशकात ते मुलाकडे आलं. त्याचं नाव व्हर्नन, पण सगळे गस म्हणायचे. त्याने आणि त्याची बायको गर्ट्रूडने ते पुढे चालवलं. मसाल्याची कृती अजून घरातच. आम्ही बसलो होतो ती मेम्फिसची शाखा २००१ ची. अण्णांचं निम्मं लक्ष होतं. मग मी गॉर्डन्सव्हिलची गोष्ट काढली, आणि ते सरळ होऊन बसले.

व्हर्जिनियात गॉर्डन्सव्हिल नावाचं जंक्शन आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे दोन रेल्वे एकत्र यायच्या, गाडी थांबायची, आणि डब्यांना अजून जेवणाची सोय जोडलेली नव्हती. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या बायका तळलेली कोंबडी, बिस्किटं, कॉफी डोक्यावरच्या मोठ्या परातींत घेऊन फलाटावर उभ्या राहायच्या आणि खिडक्यांतून आत द्यायच्या. कोंबडी निवडायलाही कारण होतं. गुलामांना मळ्यावर गाय, डुक्कर सहसा ठेवू देत नसत. चार कोंबड्या पाळू देत. त्यामुळे कोंबडी तेवढी त्यांची.

"फलाटावर?" अण्णा म्हणाले.

"फलाटावर. खिडकीतून."

"गाडी किती वेळ थांबायची?"

हे मला माहीत नव्हतं. अण्णांना मात्र तेच महत्त्वाचं होतं. कर्जतला बँकर लागेपर्यंतची ती मिनिटं, तेवढ्यात दिवाडकरांचा वडा डब्याडब्यात पोचायचा. वड्याचा वास आणि ब्रेकच्या पट्ट्यांचा वास यांचं मिळून कर्जत होतं. अण्णा म्हणतात, माझ्या हाताच्या वेगावर लोकांचं पोट अवलंबून असायचं. मी कपलिंग झटपट जोडलं की वडेवाला माझ्याकडे डोळे वटारून बघायचा.

मी सांगितलं, की त्या बायकांपैकी एकीची लेक म्हातारपणी म्हणाली होती, आईने हे घर कोंबडीच्या तंगड्यांवर उभं केलं. अण्णांनी मान डोलावली. भावुक वगैरे झाले नाहीत. ते हिशेब करत होते. एका परातीत किती तुकडे मावतील, दिवसाला किती गाड्या.

मग मी सहकारी बाईंची गोष्ट सांगितली. त्यांनी ती मला माफीनंतर तीनेक वर्षांनी सांगितली होती. त्यांची आजी मेम्फिसहून शिकागोला रेल्वेने जायची, तेव्हा मांडीवर बुटांचं खोकं असायचं. आत कागदात गुंडाळलेली तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा. खोकं अशासाठी, की डायनिंग कारमध्ये त्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसू देत नसत, आणि वाटेतल्या स्टेशनांवरच्या खानावळींतही नाही. ओहायो नदीपाशी केरो नावाचं स्टेशन येतं. तिथून उत्तरेला वेगळ्या डब्याचा नियम नसे; दक्षिणेकडे परतताना तिथेच उठून पुन्हा आपल्या डब्यात जायचं. कोंबडी तळून नेत, कारण ती गार झाली तरी चांगली राहते.

मला वाटलं होतं अण्णा म्हणतील, आपली शिदोरी, आपल्या दशम्या. मी ते वाक्य तोंडात तयारही ठेवलं होतं. ते काही बोलले नाहीत. चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर बोटाने एक चौकोन सोडून एक चौकोन असं मोजत राहिले.

"आमच्या गावात," मग म्हणाले, "चहाच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला कपबश्या टांगलेल्या असायच्या. वेगळ्या. पिऊन झालं की ज्याने त्याने धुऊन परत टांगायच्या."

मला हे माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं. अण्णांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मी आतल्या कपातून प्यायचो," ते म्हणाले. "माझ्या वर्गातला पहिला नंबर बाहेर उभा राहून. मला त्यात काही दिसायचंच नाही. खिळा दिसायचा, कप दिसायचा. झालं."

मी काय बोलावं ते सुचेना. सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर सुचलं नव्हतं तसंच.

तेवढ्यात बश्या आल्या.

खरं सांगते, पहिल्यांदा बघून मी थोडी हिरमुसले. मनात जाहिरातीतलं चित्र होतं, खवलेखवले सुटलेलं जाड सोनेरी कवच. हे तसलं नव्हतं. पातळ, चकचकीत, काकवीच्या रंगाकडे झुकलेलं, कातडीला असं चिकटलेलं की पीठ कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते ते कळू नये. कोरड्या पिठात घोळवत नाहीत, भज्यासारखं ओलं पीठ वापरतात, म्हणून तसं. खाली साधा पांढरा ब्रेड, तांबूस तेल प्यायलेला. बाजूला उकडलेल्या गोडसर घेवड्यासारखं काहीतरी आणि कोबीची गार कोशिंबीर.

अण्णांनी बशीकडे पाहिलं. बशीच्या मागे पाहिलं.

"रस्सा?"

"रस्सा नसतो, अण्णा."

"मग कोंबडी आहे कशात?"

याला उत्तर नाही. आमच्याकडे कोंबडी म्हणजे रस्सा. तुकडे हे रश्श्याला आलेले पाहुणे. अण्णांनी आधी खालचा ब्रेड ओढून घेतला, तेलात भिजलेल्या बाजूने दुमडला आणि खाल्ला. मग तंगडी उचलली. इतक्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, आई. कर्जतला रात्रीचा एक वाजला होता. तिला झोप येत नव्हती, आणि अण्णा सुखात आहेत का यापेक्षा अण्णा काय खातायत यात तिला जास्त रस असतो.

"ते काय हातात?"

"कोंबडी."

"अहो, सोमवार लागला की!"

अण्णांची तंगडी तोंडापाशी थांबली. मी म्हटलं, आई, इथे अजून रविवार आहे, दुपारचे अडीच वाजलेत. पण अण्णांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा पेच होता. वार कुठला धरायचा? माणूस जिथे बसलाय तिथला, की माणसाचा महादेव जिथे बसलाय तिथला? शेजारच्या टेबलावरची चर्चच्या टोपीतली आजी हातातला पंख खाली ठेवून आमच्याकडे बघत होती. तिला भाषा कळत नव्हती, पण धर्मसंकट कळत असावं.

"पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो," अण्णा सावकाश म्हणाले. "रात्री बाराला तारीख बदलते, ती इंग्रजांची. कर्जतला अजून उजाडलेलं नाही. म्हणजे दोन्हीकडे रविवारच आहे."

"सोयीचं पंचांग," आई म्हणाली. "कवळी सांभाळा." आणि फोन ठेवला.

अण्णांनी तंगडीचा लचका तोडला. कवच काचेसारखं वाजलं. आतून वाफ आली, आणि रस, इतका की मनगटावर ओघळला. मीही काटा बाजूला ठेवला. पहिल्या घासाला फक्त मीठ आणि कोंबडी कळते, आणि मला वाटलं, बरी आहे, बाकी एवढं काय. तिखट मागाहून येतं. जिभेवर येतच नाही. घास गिळून आपण दुसऱ्या तुकड्याकडे हात नेतो तेव्हा घशाच्या मागे कुठेतरी दिवा लागतो आणि हळूहळू कानापर्यंत चढतो. लवंगी मिरचीसारखं भांडखोर नाही. अण्णांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"याला रस्सा नको," म्हणाले.

घराण्यात याहून मोठी पावती कोणी कुठल्या कोंबडीला दिलेली नाही. माझ्या सासूबाईंच्या कोंबडीला तर नाहीच.

हाडं उरली ती अशी पांढरीशुभ्र, की बश्या उचलायला आलेल्या बाई म्हणाल्या, "याला कुणीतरी नीट शिकवलंय." मग पाय आणला, म्हणजे इथली गोड सारण भरून भाजलेली पारी. रताळ्याचा. रताळ्याचा पाय म्हटल्यावर अण्णांनी पुन्हा थबकून विचारलं, "कोंबडीवर उपासाचं?" पण पंचांग एकदा वाकवलं की दुसऱ्यांदा फारसा त्रास होत नाही. दालचिनी जास्त, हे त्यांचं मत. आणि ते बरोबर होतं.

चार तुकडे मागवले होते, एक तंगडी आणि एक मांडी उरली. ती पांढऱ्या खोक्यात भरून घरी आली आणि फ्रिजमध्ये मधल्या फळीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. यात काही वाद नव्हता, मेम्फिसमध्येही सोमवार आणि उजाडल्यावर कर्जतमध्येही. अण्णांनी दुपारी वरणभात खाल्ला. चार वाजता पाणी प्यायच्या निमित्ताने फ्रिज उघडून बंद केला. सहा वाजता पुन्हा. संध्याकाळी मी भांडी घासत होते, बाहेर अजून संधिप्रकाश होता, आणि मागून खोक्याच्या पुठ्ठ्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर अण्णा फ्रिजच्या उजेडात उभे, एका हातात तंगडी, दुसऱ्या हातात सकाळची शिळी चपाती. मनगटावरचं घड्याळ त्यांनी आल्यापासून बदललेलं नाही, ते भारताच्याच वेळेवर आहे. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. साडेसहा.

"कर्जतला उजाडलं," म्हणाले.

गार तंगडी त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ली. कवच आता वाजत नव्हतं, नरम झालं होतं. मी गरम करून देऊ का विचारलं, तर मानेनेच नको म्हणाले.

"गारच बरी लागते. प्रवासाला न्यायची चीज आहे." हाड चोखत थोडा वेळ थांबले. "माझं विमान कुठल्या वारी आहे?"

"गुरुवारी."

अण्णांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"निघतं किती वाजता?"